मेंदू आणि चेताजाल : एका उपमेची चिकित्सा

यंत्र आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधाविषयी साहित्याच्या अभ्यासकाने लिहावे काय, असा प्रश्न शीर्षक वाचताच काही वाचकांच्या मनात येईल. तो येणे स्वाभाविक आहे. मज्जाशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, गणितही नव्हे. परंतु गेल्या ऐंशी वर्षांत या दोन शास्त्रांची जी गाठ घातली गेली, ती जितकी प्रयोगशाळेत घातली गेली तितकीच भाषेतही घातली गेली आहे. 'हे यंत्र मेंदूसारखे आहे' हे प्रथमतः एक उपमावाक्य आहे. आणि उपमेची परीक्षा कशी करावी, हा विचार आपल्या साहित्यशास्त्राने शतकानुशतके केलेला आहे. तेव्हा या एका वाक्यापुरता तरी आमचा अधिकार मान्य होण्यास हरकत नसावी.

उपमेचे चार घटक सर्वांच्या परिचयाचे आहेत. ज्याचे वर्णन करावयाचे ते उपमेय. ज्याच्याशी तुलना करावयाची ते उपमान. दोहोंत समान असलेला तो साधारण धर्म. आणि 'सारखा', 'सम' यांसारखा साम्यवाचक शब्द. मुख चंद्रासारखे आल्हाददायक आहे असे म्हटले म्हणजे 'आल्हाददायक' या एका शब्दाने तुलनेला हद्द घालून दिली जाते. चंद्रावर खळगे आहेत म्हणून मुखावरही ते असावेत असे मग कोणी म्हणत नाही. मम्मटाने उपमेचे लक्षण सांगताना साधर्म्याबरोबर भेदाचाही उच्चार केला आहे, तो याचसाठी. दोन वस्तू भिन्न आहेत हे जाणूनच त्यांचे साम्य सांगावयाचे असते. हा साधारण धर्म वाक्यातून गळला की धर्मलुप्ता उपमा होते. काव्यात ती शोभते, कारण सहृदय वाचक गाळलेली जागा आपल्या अनुभवाने भरून काढतो. शास्त्रात मात्र ती जागा ज्याने त्याने आपापल्या इच्छेप्रमाणे भरण्याचा धोका असतो.

इंग्रजीत ज्याला 'न्यूरल नेटवर्क' म्हणतात त्याला आम्ही येथे 'चेताजाल' म्हणत आहोत. मेंदूतील पेशीला 'चेतापेशी' म्हणण्याचा प्रघात पाठ्यपुस्तकांनी पाडलेला आहे, त्यास अनुसरूनच हा शब्द योजिला. पण त्याच क्षणी आम्हीही उपमेच्या अधीन झालो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. वस्तुतः हे जाळे म्हणजे आकड्यांची उतरंड होय. उतरंडीतील प्रत्येक एकक मागच्या थरातून आलेल्या आकड्यांना कमीअधिक वजने लावून त्यांची बेरीज करते आणि त्या बेरजेप्रमाणे पुढच्या थराला एक आकडा पाठविते. शेवटच्या थरातून निघालेले उत्तर चुकले की सर्व वजने अगदी किंचित बदलावयाची. असे लक्षावधी वेळा केले म्हणजे उत्तरे बरोबर येऊ लागतात. या खटाटोपाला 'शिकणे' म्हणतात, वजनांच्या संचयाला 'स्मृती' म्हणतात, आणि वाक्यातील कोणत्या शब्दाला किती वजन द्यावे हे ठरविणाऱ्या एका क्रियेला, २०१७ पासून विशेष गाजावाजा होऊन, 'अवधान' म्हणतात. मानसशास्त्रात अवधानाचा गाभा असा की माणूस एका गोष्टीकडे लक्ष देतो तेव्हा बाकीच्या निसटतात. यंत्राचे 'अवधान' तर पुढ्यातील सर्वच शब्दांवर एकाच वेळी फिरते. या संपूर्ण रचनेला कोणी 'भारित बेरजांची उतरंड' असे रूक्ष नाव दिले असते, तर वृत्तपत्रांनी तिची किती दखल घेतली असती, याची आम्हांस शंकाच आहे.

या उपमेचा उगम मात्र संयमी होता. १९४३ साली वॉरन मॅकलक या मज्जाशास्त्रज्ञाने आणि वॉल्टर पिट्स या तरुण तर्कशास्त्रज्ञाने चेतापेशीचे एक अत्यंत साधे गणिती रूप मांडले. पेशी एक तर चेतते किंवा चेतत नाही; तेव्हा तिला 'होय' किंवा 'नाही' म्हणणारे एक तर्कवाक्य समजता येईल, आणि अशा पेशींच्या जाळ्यातून तर्काची गणिते सोडविता येतील, असा त्यांचा मुद्दा होता. येथे साधारण धर्म स्पष्ट आहे : चेतणे आणि न चेतणे यांतील द्वंद्व. खरी चेतापेशी इतकी साधी नसते हे त्यांनाही ठाऊक होते. पुढे १९५८ साली फ्रँक रोझेनब्लॅट या मानसशास्त्रज्ञाने अनुभवावरून वजने बदलणारे 'पर्सेप्ट्रॉन' मांडले, आणि त्याच वर्षी अमेरिकन नौदलाने वृत्तपत्रकारांना त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. तेव्हाच्या बातम्यांत हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहील, आपल्यासारखी दुसरी यंत्रे निर्माण करील आणि स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही त्याला होईल, अशा अपेक्षा छापून आल्या. उपमेचे रूपक झाले ते येथे. 'सारखा' गळला आणि अभेद आला. १९६९ साली मिन्स्की आणि पेपर्ट यांनी एकाच थराच्या पर्सेप्ट्रॉनला काही अगदी साधे भेदही ओळखता येत नाहीत हे गणिताने दाखवून दिले, आणि पुढची काही वर्षे या क्षेत्रावर मरगळ आली.

उपमा फळास कशी येते, हे पाहावयाचे असेल तर दृष्टीच्या अभ्यासाकडे वळावे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे १९५८ च्या सुमारास मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रात सूक्ष्म तार घालून एकेका पेशीचे चेतणे टिपीत होते. पडद्यावर ठिपके दाखवून पेशी काही केल्या बोलेना. आणि एकदा काचेची पट्टी सरकविताना तिच्या कडेची सावली पडद्यावर हलली, तशी ती एकदम चेतली. तिला ठिपका नको होता, विशिष्ट कोनातील रेघ हवी होती. त्यातून साध्या पेशी रेघ ओळखतात, आणि त्यांच्या संदेशांवरून अधिक जटिल पेशी, ती रेघ थोडी इकडेतिकडे सरकली तरी, तिला ओळखतात, अशी पायऱ्यांची कल्पना पुढे आली. या कार्याला १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जपानमध्ये कुनिहिको फुकुशिमा यांनी हीच पायऱ्यांची रचना उचलून १९८० साली 'निओकॉग्निट्रॉन' नावाचे जाळे मांडले, आणि चित्रे ओळखणारी पुढची जाळी याच घराण्यातील आहेत. येथे मेंदू उपमान आहे, यंत्र उपमेय आहे, आणि 'लहान खुणांवरून थराथराने मोठी आकृती जुळविणे' हा साधारण धर्म कोणालाही तपासता येईल इतका नेमका आहे.

२०१४ साली डॅनियल यामिन्स, जेम्स डिकार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जाळ्याला केवळ चित्रातील वस्तू ओळखावयास शिकविले होते; माकडाच्या मेंदूची कसलीही माहिती शिकविताना दिली नव्हती. तरीही जाळ्याच्या वरच्या थरांतील आकड्यांवरून माकडाच्या दृष्टिमार्गाच्या वरच्या भागातील पेशी कोणत्या चित्राला किती चेततील, याचा अंदाज पूर्वीच्या कोणत्याही सिद्धांतापेक्षा चांगला बांधता आला. येथे अलंकार बदलतो. आजवर यंत्र मेंदूसारखे होते. आता मेंदू यंत्रासारखा आहे असे म्हटले जाऊ लागले. उपमान आणि उपमेय यांची अशी अदलाबदल झाली म्हणजे आपले शास्त्र तिला प्रतीप म्हणते, आणि प्रतीपात जुन्या उपमानाला कमीपणा येतो हेही ते सांगते. मेंदूविज्ञानातील आजच्या पुष्कळ लेखनात हा प्रतीप अलंकार, लेखकांच्या नकळत, कार्य करीत असतो. जाळे हा मानदंड ठरतो आणि मेंदू त्या मानदंडाला कितपत उतरला, याचे गुण दिले जातात.

या निबंधाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. साम्य अनपेक्षित ठिकाणी सापडणे ही उपमेची सर्वांत मोठी परीक्षा होय, आणि ती येथे उतरली. परंतु २०१९ साली गाइरहोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाळ्यांना एक चमत्कारिक चित्र दाखविले : आकृती मांजराची, पण तिच्यावर कातडी हत्तीची. माणसाने पाहिले की तो मांजर म्हणतो. जाळ्याने हत्ती म्हटले. वस्तूचा आकार सोडून तिच्या पृष्ठभागाचा पोत पाहण्याकडे त्याचा ओढा होता. पेशींच्या आकड्यांत इतके साम्य, आणि पाहण्याच्या रीतीत एवढा भेद! मम्मटाने सांगितलेला 'भेद' येथे प्रत्यक्ष समोर उभा राहिला. आणि आमच्या मते उपमेची हानी न होता उलट तिचा लाभच झाला, कारण साधारण धर्म कोठपर्यंत जातो आणि कोठे संपतो हे या हत्तीच्या कातड्याच्या मांजराने दाखविले.

आक्षेपांचा एक वर्ग आणखी आहे; त्याचा उल्लेख करून पुढे जाऊ. जाळ्यातील वजने सुधारण्याची जी रीत १९८६ पासून रूढ झाली, तिच्यात शेवटच्या थरातील चूक त्याच जोडण्यांतून उलट्या दिशेने मागे नेली जाते. फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ साली अशी उलटी वाट खऱ्या मेंदूत असणे संभवत नाही, हे कडक शब्दांत बजावले, आणि आजही तो वाद पूर्णपणे मिटलेला नाही. तरीही 'मेंदू असा नाही' असे म्हणणाऱ्यांनी मेंदू कसा आहे हे आपणांस किती कळले आहे, याचाही विचार करावा. २०१७ साली एरिक जोनास आणि कोनराड कॉर्डिंग यांनी एक मार्मिक उद्योग केला. मेंदूच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या रीती त्यांनी एका जुन्या, ज्याची रचना तंतोतंत माहीत आहे अशा, संगणक-चिपवर वापरून पाहिल्या. तिचा एकेक सूक्ष्म घटक निकामी करून कोणता खेळ बंद पडतो हे पाहिले, तेव्हा काही घटक केवळ एकाच खेळाला आवश्यक असे निघाले. मेंदूच्या बाबतीत असे आढळले असते तर 'या खेळाचे केंद्र सापडले' असा निष्कर्ष निघाला असता. चिपच्या बाबतीत तो हास्यास्पद आहे, हे तिचा आराखडा हाती असल्यामुळेच आपणांस कळते.

आता आमच्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे, येऊ. १९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलंड या दोन मानसशास्त्रज्ञांच्या गटाने समांतर प्रक्रियेवरील आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एका प्रकरणाने मानसशास्त्र आणि भाषाशास्त्र यांत जी खळबळ उडविली तिला तोड नाही. विषय अगदी क्षुल्लक : इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ. इंग्रज मूल प्रथम 'वेंट', 'केम' अशी अनियमित रूपे बरोबर बोलते. मग काही काळ मधूनच 'गोड', 'कम्ड' असे चुकते. आणि पुन्हा बरोबर बोलू लागते. या वळणाचा तोवर सर्वमान्य अर्थ असा होता की, मधल्या काळात मुलाला नियम सापडतो आणि तो नियम ते सर्वत्र लावू पाहते. जीन बर्को यांनी १९५८ सालीच मुलांना बनावट शब्द देऊन, कधीही न ऐकलेल्या शब्दालाही ती प्रत्यय लावतात, हे दाखविले होते. नियम मनात आहे याचा याहून चांगला पुरावा कोणता?

रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांचे म्हणणे असे की नियम कोठेच नाही. त्यांच्या जाळ्यात नियम लिहिलेला नव्हता. क्रियापदाच्या ध्वनीवरून भूतकाळाच्या ध्वनीकडे जाणारी केवळ वजने होती. त्याला आधी १० क्रियापदे शिकविली, मग आणखी ४१० घातली, आणि जाळेही मुलासारखेच चुकले : बरोबर येत असलेली अनियमित रूपे त्याने बिघडविली आणि पुढे सुधारली. साधारण धर्म इतक्या नेमकेपणाने पूर्वी कोणी सांगितला नव्हता. 'मनासारखे' असे मोघम न म्हणता, 'शिकण्याचे वळण मुलाच्या वळणासारखे' असे त्यांनी म्हटले. म्हणूनच हा लेख खोडता येण्याजोगा होता, आणि खोडता येण्याजोगा होता म्हणूनच तो मोठा होता.

तो खोडण्याचे काम स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी १९८८ साली शंभराहून अधिक पृष्ठांच्या लेखात केले. साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकांनीही तो एकदा वाचावा. एखाद्या संहितेचे इतके बारकाईचे परीक्षण समीक्षेतही क्वचितच होते. त्यांचा पहिला घाव असा : जाळे ज्या वळणावर चुकले ते वळण अध्यापकांनी स्वतःच घातले होते. पहिल्या १० क्रियापदांत ८ अनियमित होती. नंतर एकदम नियमितांचा पूर आणला, म्हणून जाळे भांबावले. मुलाच्या बोलण्यात नियमित क्रियापदांचा असा पूर त्या वेळी येत नाही. म्हणजे साधारण धर्म उपमेयात नव्हताच, तो बाहेरून घालण्यात आला होता. दुसरा घाव : जाळ्याच्या चुका काही वेळा मुलाच्या चुकांसारख्या नव्हत्या. 'मेल' या सरळ क्रियापदाचा भूतकाळ त्याने 'मेम्बल्ड' असा दिला. असे रूप कोणते मूल बोलेल? आणि तिसरा घाव, आमच्या मते सर्वांत खोल : जाळ्याला केवळ ध्वनी दिसत होता. ज्यांचा उच्चार एक आणि भूतकाळ निराळा अशा क्रियापदांत भेद करणे त्याला शक्यच नव्हते. भाषेतील रूप केवळ ध्वनीवरून ठरत नाही. शब्द कोणता आहे हे कळावे लागते.

पिंकर यांच्या बाजूलाही दोष होता. नियम आणि पाठांतर अशी दोन स्वतंत्र दालने मनात आहेत, हा त्यांचा पर्याय इंग्रजीला फार सोयीचा आहे. इंग्रजीत एकच बलिष्ठ प्रत्यय आहे आणि अपवादांची यादी दोनशेच्या आत आहे. नंतरच्या तीस वर्षांत वाद पुढेमागे होत राहिला. २०१८ साली क्रिस्टो किरॉव्ह आणि रायन कॉटरेल यांनी नव्या, अधिक समर्थ जाळ्यांनी पिंकर-प्रिन्स यांच्या बहुतेक आक्षेपांना उत्तर मिळते असे प्रतिपादिले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने तेच जाळे निरनिराळ्या आरंभापासून पुनःपुन्हा शिकविले, तेव्हा बनावट शब्दांवरील त्याची उत्तरे दर वेळी बदलतात आणि माणसांच्या उत्तरांशी त्यांचा मेळ सांगितला होता तितका बसत नाही, असे दिसून आले. शिकविलेली क्रियापदे त्या जाळ्याला जवळजवळ बिनचूक येत होती. परीक्षेत पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी गुरूप्रमाणेच विचार करतो असे नव्हे, हे कोणाही शिक्षकाला सांगावे लागणार नाही.

यानंतर आलेल्या महाकाय भाषायंत्रांनी हा सारा वाद एका बाजूस सारल्यासारखे केले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जीपीटी-३ या यंत्राला सुमारे ३०० अब्ज, म्हणजे ३० हजार कोटी, शब्दखंडांवर शिकविण्यात आले. २०२१ साली मार्टिन श्रिम्फ, एव्हलिना फेडोरेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, पुढचा शब्द ओळखण्यात जे यंत्र अधिक तरबेज, त्याच्या आतील आकड्यांवरून वाक्ये वाचणाऱ्या माणसाच्या मेंदूतील हालचालींचाही अंदाज अधिक चांगला बांधता येतो. हा निष्कर्ष 'मेंदूही पुढचा शब्दच ओळखीत असतो' अशा रूपात दूरवर पसरला. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच आम्हांस विशेष मोलाची वाटते : ज्या जाळ्यांना काहीही शिकविलेले नाही, ज्यांची वजने केवळ यदृच्छेने ठरविलेली आहेत, त्यांचाही मेंदूशी बराच मेळ बसतो. लेखकांनी याचा अर्थ असा लावला की रचनेतच काही गुण आहे. तो अर्थ लागेलही. पण आमच्या मनात निराळा प्रश्न येतो. अशिक्षित जाळेही मेंदूसारखे निघत असेल, तर 'मेंदूसारखे' या शब्दाने नेमके काय मोजले गेले? उपमान जेव्हा प्रत्येक उपमेयाला थोडेफार लागू पडते तेव्हा दोष उपमेयात नसतो. कमल हे मुखाला, नेत्राला, हाताला आणि पायाला, सर्वांनाच उपमान म्हणून चालते. त्यावरून हात आणि डोळा यांच्याविषयी फारसे ज्ञान होत नाही.

शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहे. २०२३ पासून काही संशोधकांनी एक स्पर्धा चालविली, तिची अट अशी की यंत्राला १० कोटींहून अधिक शब्द द्यावयाचे नाहीत. कारण किशोरवयापर्यंत मुलाच्या कानांवर फार तर इतके शब्द पडतात. जीपीटी-३ च्या शिदोरीशी तुलना केली तर हे प्रमाण तीन हजारांत एक असे पडते. आणि मूल तर बोलू लागते ते याच्याही कितीतरी आधी. या स्पर्धेचे आम्ही मनापासून स्वागत करतो, कारण तिने तुलनेतील गाळलेला घटक पुन्हा वाक्यात आणला : 'मुलाइतक्याच सामग्रीत मुलासारखे'. असे म्हटले म्हणजे हरता येते.

ज्या भाषांची ग्रंथसामग्री इंग्रजीच्या मानाने अल्प आहे, त्या भाषांच्या लेखी हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. बेळगावच्या किंवा हैदराबादच्या घरातील मूल दिवसाचा काही भागच मराठी ऐकते. गल्लीत कन्नड किंवा तेलुगू असते, उर्दू-हिंदी असते, शाळेत इंग्रजी असते. तरीही त्याला मराठी येते. मनाचे यंत्र कमी सामग्रीत कसे शिकते, या कोड्याचे उत्तर शोधावयाचे तर असे मूल इंग्रजी एकभाषी मुलापेक्षा अधिक काही सांगू शकेल, असे आम्हांस वाटते.

आणि भूतकाळाचाच प्रश्न घ्यावयाचा तर मराठीइतके चांगले क्षेत्र क्वचितच सापडेल. 'बस'चे 'बसला' होते, पण 'पळ'चे 'पळाला'. 'सांग'चे 'सांगितला', 'घे'चे 'घेतला', 'खा'चे 'खाल्ला'. आणि 'कर', 'जा', 'ये', 'हो' यांची 'केला', 'गेला', 'आला', 'झाला'. यांत नियम कोणता आणि अपवाद कोणता? इंग्रजीत नवे क्रियापद आले की ते निमूटपणे नियमित प्रत्यय घेते. म्हणून नियमाचे दालन निराळे, असे पिंकर म्हणू शकले. मराठीत नवा परकी शब्द आला की आपण बहुधा त्याला 'करणे' किंवा 'होणे' जोडतो : फोन केला, अर्ज डाउनलोड केला, संगणक बंद झाला. म्हणजे नव्या शब्दांना सामावून घेण्याचे काम आपल्याकडे सर्वांत अनियमित रूपांवर सोपविलेले आहे. दोन दालनांच्या सिद्धांताला हे गैरसोयीचे होईल.

पण जाळ्याच्या पक्षाने लगेच आनंद मानू नये. मराठीत 'त्याने आंबा खाल्ला' आणि 'त्याने कैरी खाल्ली'. क्रियापदाचे रूप कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, तेही सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात. त्यातही 'बोल', 'शिक', 'विसर' अशी काही क्रियापदे कर्म असूनही कर्त्याचीच कास धरतात : 'ती धडा विसरली'. आणि 'म्हण' या एका धातूची दोन रूपे आहेत : 'तो म्हणाला' आणि 'त्याने म्हटले'. ध्वनी एक, अर्थही जवळजवळ एक, तरी भूतकाळ निराळा. आणि तो निराळेपणा वाक्याच्या प्रयोगाशी बांधलेला. केवळ धातूच्या ध्वनीवरून रूप काढणारे कोणतेही जाळे या एका धातूपाशी अडेल. पिंकर-प्रिन्स यांचा तिसरा आक्षेप इंग्रजीत मोजक्या समोच्चारी शब्दांवर उभा होता. मराठीत तो रोजच्या बोलण्यातील शब्दावर उभा राहतो.

बर्को यांची परीक्षा मराठीत घ्यावयाची झाली तर ती अशी घ्यावी लागेल. 'फिमणे' असे एक क्रियापद बनवावे. एका चित्रात एक मुलगा एकटाच काही करीत आहे. दुसऱ्या चित्रात एक मुलगी एका चेंडूला काही करीत आहे. तिसऱ्यात तीच मुलगी एका बाहुलीला तेच करीत आहे. मुलाला सांगावे, 'हा रोज फिमतो, ही रोज चेंडू फिमते, बाहुली फिमते', आणि मग विचारावे, काल काय झाले? उत्तर 'तो फिमला' येते की 'फिमाला'. 'तिने चेंडू फिमला' येते की 'ती चेंडू फिमली'. आणि चेंडूच्या जागी बाहुली आली की क्रियापद तिच्या मागे जाते काय, हे नोंदवावे. तीन वर्षांच्या मुलाचे उत्तर, पाच वर्षांच्या मुलाचे उत्तर, आणि दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे उत्तर वेगवेगळे ठेवावे. त्यानंतर तेवढ्याच शब्दांवर शिकविलेल्या जाळ्याला तोच प्रश्न विचारावा आणि त्याच्या बरोबर उत्तरांबरोबरच त्याच्या चुकांचीही मुलांच्या चुकांशी तुलना करावी. एखादे मूल 'केले'च्या जागी 'करले' म्हणेल. जाळेही तसेच म्हणते काय, की 'मेम्बल्ड'सारखे कोणत्याच घरात न ऐकू येणारे काही म्हणते, हे पाहावे. या कामाला माकडाचा मेंदू लागत नाही, प्रचंड संगणकही लागत नाही. लागते ती चित्रांची एक चळत, काही घरे आणि मुलांचे बोलणे जसेच्या तसे टिपणारा धीराचा माणूस.